खेळण्याचे मोल

डोंबिवली-कल्याणच्या दोन खोल्यांच्या घरांत महागडे खेळणे काचेच्या कपाटात जपलेले असते आणि दोन वर्षांचे मूल त्याच्या रिकाम्या खोक्यात रमलेले असते. पालकांना हा अपव्यय वाटतो. परंतु वस्तूची उपयुक्तता उपभोक्ता ठरवितो, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्वच ते मूल आचरणात आणीत असते. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसरींच्या खर्चिक साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया आल्या. गाडी उलटी करून नुसते चाक फिरविणाऱ्या मुलाला आपण ‘असे नव्हे, असे’ म्हणून सारखे थांबवितो. त्याचा शोध तेथेच खुंटतो. त्याला थोडी मोकळी जमीन आणि आपला संयम एवढेच हवे असते.