पावसाळ्यापूर्वी कारखान्याचे व गोदामाचे छप्पर

मृग लागायला आठ दिवस उरले की पत्रेवाल्याला निरोप धाडायचा, ही आपल्या कारखानदार व व्यापारी बांधवांची जुनी रीत आहे. २०२५ साली हा हिशेब चुकला. मुंबईत पाऊस साधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो. त्या वर्षी तो २६ मे रोजीच दाखल झाला. भिवंडीचा कारखानदार काय आणि ठाण्याचा गोदामवाला काय, ज्याने काम जूनवर ढकलले होते त्याला भर पावसात शिडी लावण्याची वेळ आली. म्हणून आमचे म्हणणे असे की छपराचे काम १५ मेच्या आत उरकून घ्यावे. मे महिन्यात बरेच कामगार गावी गेलेले असतात, मागही थोडे थंडावलेले असतात. ही सवड वाया घालवू नये.

वर चढण्याआधी छप्पर आतून पाहावे. दुपारी दारे-खिडक्या लावून, दिवे विझवून दहा मिनिटे वर नजर फिरवली की जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथूनच उद्या पाणी येणार. त्या ठिकाणाखाली जमिनीवर खडूने खूण करावी. पत्र्याखालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांवर गंजाचे ओघळ दिसले तर तीही गळतीचीच जागा.

पत्रा मधोमध क्वचितच गळतो. गळते ते हुकाच्या भोकातून आणि दोन पत्र्यांच्या जोडातून. हुकाखालचा डांबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतो. अशा वेळी नुसता नट आवळून भागत नाही, वायसर बदलावाच लागतो. नवीन भोक पाडायचे तर ते पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागात पाणी वाहते, तिथे भोक पाडणारा कारागीर आपला नव्हे असे समजावे. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर किमान सहा इंच चढलेला असावा.

आता थोडे कापडाविषयी. पाण्याने ओला झालेला ताका वाळवता येतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ग्रे कापडाच्या ताण्याला कांजी लावलेली असते. ओल राहिली की त्यावर बुरशी धरते आणि काळे ठिपके सहजासहजी जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे गंजलेल्या पत्र्यावरून ठिबकलेले पाणी. लोखंडाचा तो तांबूस डाग घेऊन कापड ब्लीचिंगला गेले की पेरॉक्साइडच्या पाण्यात नेमक्या त्या जागी सूत जळते आणि भोक पडते. प्रोसेसवाला म्हणतो माल तुमचा खराब, आपण म्हणतो धुलाई तुमची खराब, आणि पार्टी पैसे अडवते. शे-दोनशे वायसरच्या खर्चासाठी हे भांडण कोण विकत घेईल?

कामगाराच्या जिवाची गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो, पण जुना झाला की माणसाचे वजन पेलत नाही. पत्रा मोडून खाली मागावर पडलेल्या माणसांच्या बातम्या येतच असतात. म्हणून पत्र्यावर थेट पाय ठेवू देऊ नये. आडव्या लोखंडांवर टेकेल अशी लांब फळी किंवा शिडी टाकावी, कमरेला दोर बांधावा, खालचे माग बंद ठेवावेत. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. तो कोरडा घासू नये, करवतीने कापू नये. पाणी मारूनच हात लावावा.

दोन शेडच्या मधली पन्हळ हे भिवंडीतले सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. मागातून उडणारा कापूस आणि धूळ तिथे बसून गादीसारखा थर होतो. पहिल्या जोराच्या सरीत पाणी तुंबते आणि पत्र्याखालून आत शिरते. पन्हळ साफ करून दोन बादल्या पाणी ओतावे व ते नळीतून खाली पडते की नाही हे स्वतः उभे राहून पाहावे.

मालेगावकडे पाऊस कमी, पण पावसाआधीचे वादळ जबरदस्त. वारा कडेच्या पत्र्याखाली शिरून तो उचलतो. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. वाऱ्यात तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात जातो. कडेच्या पत्र्यांना जास्तीचे हूक आणि वरून लोखंडी पट्टी हाच उपाय. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धन परिसरातली घरे उघडी पाडली, तेव्हा नंतर पत्रा मिळवतानाच लोकांच्या नाकी नऊ आले.

गोदामावर स्लॅब असेल तर नळी बुजवून चार बोटे पाणी एक दिवस साठवून ठेवावे व खालून पाहावे. ओल दिसली तर भेगा उन्हातच भरून घ्याव्यात.

इतके करूनही माल पन्हळीखाली रचू नये. भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावा. विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी पॉलिसी एकदा वाचून घ्यावी. वादळ व पुराचे कलम असले तरी जुनाट छपरातून झिरपलेल्या पाण्याचा दावा कंपनी सहसा मान्य करीत नाही. दुरुस्तीचे बिल व तारखेसह काढलेले फोटो पॉलिसीच्या फायलीतच लावून ठेवावेत. सर्व्हेअर आला की तो पहिल्यांदा तेच मागतो.