ईसीजी नॉर्मल, तरी धडधड

लोकल दादर सोडते आणि छातीत धडधड सुरू होते. तळहात ओले, श्वास अपुरा, ‘आता मी मरणार’ ही खात्री. दवाखान्यात ईसीजी मात्र नॉर्मल. हा पॅनिक अटॅक असू शकतो. धोका नसतानाही मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची घंटा बडवतो, अ‍ॅड्रेनलिन उसळतं. बहुधा १० मिनिटांत लाट शिगेला पोचते, मग ओसरते. खरी अडचण पुढेच. माणूस लोकलच टाळू लागतो आणि टाळण्यानेच भीती पोसली जाते. म्हणून सीबीटी या विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचारात त्याच गाडीत बसायचा सराव असतो: आधी एक स्टेशन, मग दोन. चिंता कमी करणाऱ्या एसएसआरआय गोळ्याही दिल्या जातात; त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सुरुवात कुठून करायची? ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.