विश्लेषण : जीन्स नेमकी कुठे बसायला हवी? आणि किती वेळा धुवावी?

उल्हासनगरच्या कॅम्प 5 मधील जीन्सबाजारात किंवा कल्याण-डोंबिवलीत स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्याकडे कपडे बदलून बघायला जागा नसते. मग विक्रेता बटण लावलेल्या जीन्सचा कंबरपट्टा गिऱ्हाइकाच्या मानेभोवती गुंडाळतो आणि टोके जुळली की सांगतो, 'बसेल.' मानेचा घेर कंबरेच्या साधारण निम्मा असतो, एवढाच या तोडग्याला आधार. कंबर बसतेही बऱ्याचदा. पण जीन्स मांडीत अडकते, खाली बसले की मागून सरकते आणि दोन-तीन महिन्यांत कपाटाच्या तळाशी जाते.

लेबलवरच्या आकड्यावर विसंबावे का?

नाही. 34 लिहिलेल्या जीन्सचा कंबरपट्टा टेपने 35 किंवा 36 इंच भरणे नेहमीचे आहे. शिवाय तो पट्टा नाभीशी बसणार की खाली कटीवर, यावर सारे अवलंबून. त्यामुळे घरातली सर्वांत चांगली बसणारी जीन्स जमिनीवर सपाट अंथरून तिची पाच मापे मोबाइलमध्ये लिहून ठेवावीत : कंबर, पुढचे आसन (पट्ट्याच्या वरच्या कडेपासून दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीपर्यंत), मांडी, आतल्या शिवणीची लांबी आणि मोहरी. दुकानात टेप मागायला लाजू नये. ऑनलाइन खरेदीतही 'साइज चार्ट'मधील आकडे याच मापांशी ताडून पाहावेत. मात्र काही तक्त्यांत कपड्याचे माप असते, काहींत अंगाचे, ते आधी वाचावे.

यातली आसन आणि मांडी ही मापे सर्वांत महत्त्वाची, कारण चुकली तर दुरुस्त होत नाहीत. कंबर इंच-दीड इंच आत घेता येते, लांबी कमी करता येते, मोहरी अरुंद करता येते. आसन मात्र वाढवता येत नाही. तयार जीन्सच्या शिवणीत माया सोडलेलीच नसते. म्हणून कंबर थोडी सैल आणि मांडी बरोबर अशी जीन्स घ्यावी, उलट कधीही घेऊ नये.

ट्रायल रूम असेल तर आरशासमोर नुसते उभे राहून काही कळत नाही. उकिडवे बसावे, एक पाय लोकलच्या पायरीवर ठेवल्यासारखा उचलावा. कंबरपट्ट्यात दोन बोटे सहज जायला हवीत. मांडीवर पुढच्या बाजूला आडव्या ताणलेल्या सुरकुत्या दिसल्या तर ती घट्ट आहे. फार आवळलेल्या जीन्समुळे जांघेजवळची त्वचेची नस दाबली जाऊन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात. डॉक्टरांना हा त्रास चांगला परिचित आहे.

स्ट्रेच घ्यावी की साधी?

लेबलवर 98 टक्के कॉटन, 2 टक्के इलास्टेन असे असेल तर कापड तासाभरात सैलावते, तेव्हा घेताना ती अंगासरशी असावी. शंभर टक्के कॉटन कमी ताणते, टिकते जास्त. पण पहिल्या धुण्यात थोडी आटू शकते. म्हणून खालून कापून घेण्याआधी एकदा धुवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड डेनिम दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे रोजच्या वापराला हलके कापडच बरे.

नवी जीन्स आधीच फिकी का असते?

डेनिममध्ये उभे धागे निळीत बुडवलेले आणि आडवे पांढरे असतात. इंडिगो धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो. घासला की निघतो. हे घासणे कारखान्यात दगड, एन्झाइम, ब्लीच वापरून आधीच केले जाते. त्याची किंमत आपल्याच परिसराने मोजली आहे. उल्हासनगरातील जीन्स धुलाईचे रंगीत पाणी वालधुनीत जात होते. नदी प्रदूषणाचा वाद हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, धुलाई कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली, हजारोंच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. जागोजागी फिकी केलेली, फाडलेली जीन्स म्हणजे आयुष्याचा काही भाग आधीच खर्च झालेले कापड, हेही गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावे.

धुवावी की धुऊ नये?

जीन्स न धुण्याचा सल्ला परदेशातून येतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने 15 महिने एकच जीन्स न धुता वापरली. 2011 मध्ये तपासणी झाली तेव्हा तीवरचे जीवाणू, धुऊन 13 दिवस वापरल्यानंतर होते साधारण तेवढेच आढळले. पण ते एडमंटनच्या थंडीत, सकाळच्या डोंबिवली लोकलच्या गर्दीत नव्हे. इथे घामाने ओली झालेली जीन्स तशीच दुसऱ्या दिवशी घालणे म्हणजे गजकर्णाला आमंत्रण. कोरड्या दिवसांत चार-पाच वापरांनंतर, आणि पावसात भिजली किंवा घामेजली तर लगेच धुवावी. रोज संध्याकाळी घडी न घालता पंख्याखाली टांगली तरी बराच फरक पडतो.

धुताना उलटी करून, चेन लावून, गार पाण्यात, सौम्य द्रवरूप साबणाने. ब्लीच नको. वाळवावी सावलीत, उलटीच. गरम पाणी आणि कडक इस्त्रीने इलास्टेनचा ताण जातो, मग गुडघ्याला फुगे येतात. मात्र घरात कुणाला गजकर्ण असेल तर त्वचा आधी, जीन्स नंतर : कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत, उन्हात पूर्ण वाळवून इस्त्री करावी. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवण्याचा उपाय घरोघरी केला जातो. इंडिगोवर त्याचा उपयोग होत नाही. हा रंग मिठाने धाग्याला बांधला जात नाही. पहिली दोन धुणी वेगळी करावीत, एवढेच.

जीन्स सर्वांत आधी विरते ती मांडीच्या आतल्या बाजूला. तिथे कापड पातळ झालेले दिसले की भोक पडण्याआधीच आतून जुन्या डेनिमचा तुकडा लावून रफू करून घ्यावा. भोक पडल्यावर तोच रफूवाला दुप्पट पैसे सांगतो, आणि काम निम्मे चांगले होते.