पडद्यावरील मराठी अक्षर

मुंबईच्या आय. आय. टी.तील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरनें २००८ सालीं ‘टायपोग्राफी डे’ हें अक्षररचनेचें संमेलन सुरू केलें. अशा संमेलनास जाणाऱ्या कोल्हापूरकरास पहिलें नवल वाटतें तें हें कीं, इंटरनेटवरून अक्षरें जातच नाहींत. जातात केवळ आंकडे. ‘कोल्हापूर’ हीं डोळ्यांस ४ अक्षरें, पण युनिकोडच्या हिशेबीं ९ चिन्हें! त्यांस आकार देतो तो वाचकाच्या यंत्रांतला, किंवा पानाबरोबर आलेला, फॉन्ट.

मराठीची खरी अडचण ‘र’पाशीं आहे. शाळेंतलें जुनेंच उदाहरण: ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. दुसऱ्या शब्दांत नुक्त्याचा ‘ऱ’ योजावा; तो चुकला, कीं स्वयंपाक्याचा पगार गुरूच्या हातीं! आणि टंकलेखन अचूक असूनही फॉन्टमध्यें त्या जोडाक्षराची सोय नसेल, तर घोटाळा उरतोच.