बोरघाटाच्या पायथ्यापासून मुंबईच्या संग्रहालयांपर्यंत

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की शाळाशाळांतून सहलींचे वारे वाहू लागते. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील शाळांची पहिली पसंती बहुधा मुंबईला असते आणि ते स्वाभाविकही आहे. कर्जत स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. खोपोली त्याच्या पुढे आणखी पंधरा किलोमीटर. दोन्ही ठिकाणांहून लोकलगाडी थेट मुंबईस जाते आणि सकाळी निघालेली मुले रात्री आपापल्या घरी पोहोचू शकतात. इतकी सोय राज्यातील फारच थोड्या ग्रामीण तालुक्यांना लाभली आहे.

तथापि या सोयीचा उपयोग आपण कसा करतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीबरोबर जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. सातवीची चाळीसएक मुले होती. संग्रहालयाच्या दारात त्यांची रांग लागली, एकमेकांचे हात धरून ती एका दालनातून दुसऱ्या दालनात पुढे ढकलली गेली आणि पाऊण तासात सारी मंडळी बाहेरच्या हिरवळीवर डबे सोडून बसली. परतीच्या गाडीत एका मुलाला सहज विचारले, "काय पाहिलेस?" तो म्हणाला, "लई मोठी इमारत होती, साहेब." उत्तर खोटे नव्हते. परंतु त्याच वर्गातील वाडीवरची सहा मुले वर्गणी भरता न आल्यामुळे गावीच राहिली होती, हे मागाहून कळले तेव्हा ती पाऊण तासाची धावपळ अधिकच खटकली. ठाकूर-कातकरी वाड्यांवरील अनेक मुलांच्या वाट्याला अशी सहल आयुष्यात एकदाच येते, पुष्कळांच्या वाट्याला तीही येत नाही.

या अनुभवानंतर एक गोष्ट मनाशी पक्की झाली. मुंबईचे दर्शन मुंबईत सुरू होऊ नये, ते आपल्याच शिवारात सुरू व्हावे.

कर्जत तालुक्यात राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाचा दर्शनी भाग मुलांना निवांतपणे दाखवावा. कातळात कोरलेल्या तुळया, वासे आणि सज्जे पाहून हे काम सुताराचे की पाथरवटाचे, असा प्रश्न पडतो. लाकडी इमारतीची घडण दगडात जशीच्या तशी उतरविण्याची त्या काळाची रीतच होती. दर्शनी भागाच्या एका बाजूस एका मोठ्या मूर्तीचा भग्न शिरोभाग असून त्याच्या लगत ब्राह्मी लिपीतील एक ओळ कोरलेली आहे. कण्ह याचा शिष्य बलुक याने हे केले, असा तिचा आशय. राजाचे नाव नाही, सनावळी नाही, फक्त काम करणाऱ्याचे आणि त्याच्या गुरूचे नाव. शिक्षकवर्गास यापेक्षा अधिक जवळचा शिलालेख क्वचितच सापडेल! ज्या मुलांनी ही ओळ बोटाने दाखवून घेतली आहे, ती मुले संग्रहालयातील शिलालेखापुढून धावत जाणार नाहीत. लेण्यांच्या भिंतींवर खडूने वा कोळशाने नावे लिहिण्याची खोड असलेल्यांनाही ही ओळ मुद्दाम दाखवावी. नाव कोरण्याचा अधिकार बलुकाने कामातून मिळविला होता.

आता मुंबई. कर्जतहून येणाऱ्या गाडीने भायखळ्यास उतरणे सर्वांत सोयीचे. मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी धावली. त्या आरंभीच्या काळातील स्थानकांपैकी भायखळा हे एक आहे. त्याच्या इमारतीचा अलीकडे काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला आणि त्याबद्दल 2022 साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. स्थानकाच्या पूर्वेस थोड्या अंतरावर, राणीच्या बागेच्या म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये उघडलेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. वैद्य, संशोधक आणि प्राचीन लिपींचे अभ्यासक असलेल्या भाऊ दाजींचे नाव त्याला 1975 साली देण्यात आले.

लहान मुलांसाठी हे संग्रहालय पहिल्याने निवडावे, असे आमचे मत आहे. ते आकाराने आटोपशीर आहे आणि त्यातील मातीच्या छोट्या प्रतिकृती मुलांशी बोलतात. निरनिराळ्या जातिजमातींचे पोशाख, कारागिरांचे धंदे, मुंबईची वाढ दाखविणारे नकाशे आणि नमुने यांतून शहर कसे घडले ते उमजते. बाहेरच्या बागेत एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, परंतु उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते मुंबईस आणण्यात आले आणि 1914 मध्ये सांधून तो पुन्हा उभा करण्यात आला. घारापुरी प्रशासकीयदृष्ट्या आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे, हे येथे सांगितले म्हणजे मुले त्या हत्तीकडे जरा निराळ्या नजरेने पाहतात.

दक्षिण मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय हे मोठे काम आहे. त्याची कोनशिला 11 नोव्हेंबर 1905 रोजी बसविली गेली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट. इमारत 1914 मध्ये तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी रुग्णालय चालले आणि संग्रहालय जनतेस खुले होण्यास 1922 उजाडले. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे नाव 1998 मध्ये बदलण्यात आले. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर आहे.

वर सांगितलेल्या सहलीत एक मुलगा मात्र आत जाण्यापूर्वी भिंतीपाशीच रेंगाळला होता. त्याचे वडील खालापूर तालुक्यातील खडीच्या खाणीवर कामाला. "हा आमचाच काळा दगड हाय, पण हा पिवळा कुठला?" असे त्याने विचारले. त्या वेळी आम्हास उत्तर देता आले नाही. नंतर चौकशी केली. काळा दगड कुर्ल्याच्या खाणीतला, म्हणजे सह्याद्रीचा नेहमीचा अग्निजन्य पाषाण. कोंडाण्याची लेणी ज्या जातीच्या कातळात कोरली, तोच हा. पिवळसर दगड मालाडचा. घडीव दगडावरील टाकीच्या खुणा त्या मुलास ओळखता येत होत्या. वर्गातील दुसऱ्या कोणासही त्या दिसल्या नव्हत्या.

आत गेल्यावर सर्व दालने पाहण्याचा अट्टाहास धरू नये. दोन दालने पुरेत. एक शिल्पांचे आणि दुसरे मुलांच्या आवडीचे, म्हणजे बहुधा शस्त्रांचे. शस्त्रदालनात अकबर बादशहाचे चिलखत व ढाल पाहताना खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीची आठवण द्यावी. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवछत्रपतींनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेस तेथील अरुंद वाटेत कोंडून शरण आणले. जड चिलखत आणि अवजड सरंजाम त्या जंगलात काय कामाचा, हे मुले आपणहून सांगतील.

जवळच जहांगीर कलादालन (1952) आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (1996) आहे. चित्रकलेचे शिक्षक बरोबर असतील तर अवश्य जावे, नसतील तर मुले कंटाळतात.

परतीची गाडी धरण्यापूर्वी टर्मिनसची इमारत बाहेरून पाहण्यास अर्धा तास राखून ठेवावा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार 1878 मध्ये सुरू झालेले हे काम दहा वर्षे चालले. 2004 पासून ही वास्तू जागतिक वारसा आहे. तिच्यावरील पाने, फुले, पशुपक्षी घडविण्यात सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह, दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ आहे.

पण ही भव्यता कोणाच्या कष्टावर उभी राहिली? लोहमार्ग 1856 मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि तेथे घाटाने त्याची वाट अडविली. खंडाळा ते पुणे मार्ग 1858 मध्ये सुरू झाला, तरी मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून वा पायी ओलांडावा लागे. पंचवीस बोगदे खोदून बोरघाटाचा मार्ग पुरा झाला तो 1863 मध्ये. हजारो मजूर त्यावर राबले, रोगराईने व अपघाताने पुष्कळ मेले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. पुढे 1915 च्या सुमारास खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. टर्मिनसखाली उभ्या असलेल्या कर्जत-खालापूरच्या मुलांना हे सांगितले पाहिजे.

घारापुरीची लेणी एका दिवसाच्या सहलीत कोंबू नयेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमुखी शिवमूर्तीपुढे पंधरा मिनिटे नुसते बसविले तरी मुले शांत होतात. लेणी 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गेटवेहून लाँच सुटते. 18 डिसेंबर 2024 रोजी या मार्गावरील प्रवासी बोटीस झालेल्या अपघातात अनेकांचे प्राण गेले, हे विसरता कामा नये. प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय लाँच सुटू न देण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावी. तेथे संकोच नको.

वार ठरविताना सोमवार व बुधवार टाळावेत. घारापुरी आणि राष्ट्रीय कला संग्रहालय सोमवारी, तर भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी बंद असते. डागडुजीसाठीही दालने अधूनमधून बंद राहतात, म्हणून शाळेच्या शिक्क्याचे पत्र महिनाभर आधी पाठवून सवलत व मार्गदर्शक यांची विचारणा करावी. ज्या शाळांना मुंबई गाठणे अशक्यच आहे त्यांनी वास्तुसंग्रहालयाच्या फिरत्या संग्रहालयाविषयी चौकशी करावी. 2015 पासून ही बस गावोगावच्या शाळांपर्यंत जाते.

राहिला वर्गणीचा प्रश्न. एका दालनामागे एक शिक्षक आणि पंधरा मुले, असे प्रमाण धरले तर तुकड्या लहान कराव्या लागतात. लोकलचे भाडे जेमतेम असल्याने, खासगी बस न ठरविता गाडीने गेल्यास खर्च पुष्कळच उतरतो. तरीही वाडीवरच्या ज्या मुलांना तेवढेही जमणार नाही, त्यांची यादी वर्गशिक्षकाने सत्राच्या आरंभीच सरपंचांच्या हाती द्यावी आणि तो विषय ग्रामसभेपुढे यावा. सहलीच्या आदल्या दिवशी ती यादी करून काही उपयोग होत नाही.