मेजावरील आगगाडी

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील एक गाव. नागपूरच्या इतवारी स्थानकातून निघालेली लहान आगगाडी उमरेड, भिवापूर ही गावे मागे टाकीत आणि रानातून वळणे घेत या गावी येत असे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात घातलेल्या या मार्गावर दोन रुळांमधील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड या मार्गे चांदा फोर्टकडे जाणारी गाडीही आरंभी तेवढ्याच रुंदीच्या रुळांवरून धावे. पुढे १९९० नंतरच्या दशकात हा दुसरा मार्ग रुंद करण्यात आला. तेव्हापासून सुमारे वीस वर्षे नागभीडला मोठी गाडी व लहान गाडी यांची भेट होत असे. २०१९ साली नागपूरची लहान गाडीही बंद झाली आणि तो मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले.

ज्या मुलांनी ती गाडी पाहिली नाही, त्यांना ती आता कशी दिसणार? नागपुरात मोतीबाग येथे २००२ सालापासून अरुंद लोहमार्गाचे संग्रहालय आहे. तेथे खरी इंजिने आणि खरे डबे पाहावयास मिळतात. परंतु ती सारी स्तब्ध उभी आहेत. रान, वळण, नदीवरचा पूल आणि त्यांमधून धावणारी गाडी हे सर्व एकत्र पाहावयाचे असेल, तर ते लहान करून मेजावरच मांडावे लागते. अशा मांडणीला लोहमार्गाची प्रतिकृती म्हणतात.

प्रतिकृती आणि खेळणे यांत मोठे अंतर आहे. खेळण्यातील गाडी गाडीसारखी दिसली की पुरे. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक वस्तूचे माप एकाच संख्येने भागलेले असते. इंजिन, फलाट, सिग्नल, झाड, फलाटावरील माणूस, कोणालाही त्यातून सवलत नाही. या भागाकाराला प्रमाण असे म्हणतात. पुष्कळ हौशी लोक ८७ ने भागतात. या प्रमाणाला ‘एच-ओ’ असे नाव आहे. त्याहून लहान ‘एन’ हे प्रमाण बहुधा १६० ने भागून मिळते. त्याच्या रुळांमध्ये नऊ मिलिमीटर अंतर असते, आणि युरोपातील अनेक भाषांत नऊ या अंकाचे नाव ‘न’ या ध्वनीनेच सुरू होते, म्हणून ते अक्षर निवडण्यात आले. मराठीलाही ते चांगलेच शोभते! १९७२ साली जर्मनीतील मेर्क्लिन या कारखान्याने २२० ने भागलेली गाडी तयार केली. याहून लहान गाडी कोणी करणार नाही, अशा समजुतीने तिला रोमन वर्णमालेतील शेवटचे अक्षर ‘झेड’ देण्यात आले. परंतु तो अंदाज चुकला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये ४५० ने भागलेली गाडी निघाली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे तीन मिलिमीटर आहे.

आता २२० या भाजकाने थोडे गणित करून पाहू. चोवीस मीटर लांबीचा डबा सुमारे अकरा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे नव्या पेन्सिलीहूनही आखूड. बावीस मीटर उंचीचा सागवान वृक्ष दहा सेंटिमीटरचा होतो. त्याचे हातभर लांबीचे पान दोन मिलिमीटरचे होते. रुळांखाली घातलेली पाच सेंटिमीटरची खडी पाव मिलिमीटरहूनही बारीक होते. म्हणून त्या ठिकाणी चाळणीने चाळलेली बारीक वाळू पसरावी लागते. साधी नदीची वाळू घातली, तर तिचा एक मिलिमीटरचा कण मोठ्या धोंड्यासारखा दिसू लागतो आणि सर्व देखावा फसतो.

वजनाचे गणित याहून चमत्कारिक आहे. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही २२० ने भागली जातात. त्यामुळे वजन २२० ने तीन वेळा भागले जाते. एकशे दहा टनांचे इंजिन असे लहान केले, तर त्याचे वजन सुमारे दहा ग्रॅम भरते. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके रुळांवर नीट दाबली जात नाहीत. ही अडचण केवळ घसरण्याची नाही. प्रतिकृतीतील इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. एका रुळातून वीज इंजिनात येते, आतील लहानशा मोटारीतून जाते व दुसऱ्या रुळातून परतते. म्हणून दोन्ही रूळ एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेले असतात. विजेची दिशा उलटी केली की गाडीही उलट चालू लागते. आता या रुळावर धुळीचा एक कण बसला, तर हलके इंजिन त्यावर चढून थांबते. खऱ्या इंजिनाला तो कण जाणवणारही नाही. म्हणून असे इंजिन तयार करताना त्यात जड धातू भरतात, आणि प्रदर्शनाच्या दिवशी रूळ पुन्हा पुन्हा पुसतात. तीन मिलिमीटरच्या जपानी गाडीत तर चाकेच चुंबकाची केलेली आहेत. ती पोलादी रुळांना धरून चालतात.

पाणी, वारा आणि धूळ ही मंडळी भागाकार मुळीच मानीत नाहीत. वडसा व ब्रह्मपुरी यांच्या मध्ये लोहमार्ग वैनगंगा ओलांडतो. तो पूल प्रतिकृतीत करावयाचा असला, तरी त्याखाली खरे पाणी ओतून चालत नाही. पाण्याचा थेंब सर्वत्र सारखाच राहतो आणि २२० पट लहान केलेल्या माणसाच्या डोक्याहून तो मोठा ठरतो. यासाठी नदीचा तळ रंगवून त्यावर पारदर्शक राळ किंवा व्हार्निश ओततात. रंगही थोडे फिके घ्यावे लागतात. दूरचे रान डोळ्यांना करडसर दिसते आणि मेजावरचे रान हे दूर असल्याचे सोंग घेऊनच बसलेले असते. पळसाचा केशरी रंग डबीतून काढून तसाच लावला, तर सबंध जंगलाला आग लागल्यासारखे वाटते.

सर्वांत बिकट प्रश्न लांबीचा आणि वळणाचा असतो. इतवारी ते नागभीड हे अंतर सुमारे १०६ किलोमीटर होते. ते २२० ने भागले तरी जवळजवळ अर्धा किलोमीटर उरते. एवढे मेज कोठून आणावयाचे? म्हणून प्रतिकृती करणारा संपूर्ण मार्ग कधीच करीत नाही. तो एखादे स्थानक, एखादा पूल, रानातील एखादे वळण निवडतो. भारतातील रुंद लोहमार्गाच्या वळणाची त्रिज्या साधारणपणे १७५ मीटरहून कमी ठेवीत नाहीत. लहान केल्यावर ती ८० सेंटिमीटर होते, आणि गाडीला पूर्ण फेरी मारावयाची तर दीड मीटरहून अधिक रुंद मेज लागते. तयार मिळणारे वळणदार रूळ मात्र पंधरा सेंटिमीटर त्रिज्येचेही असतात. अशा वळणावर लांब डबे कोपऱ्यांवर बाहेर डोकावतात आणि सोंग उघडे पडते. यावर हौशी लोकांनी एक युक्ती शोधली आहे. आखूड वळण ते टेकडीमागे किंवा दाट झाडीत लपवितात. प्रेक्षकाला गाडी रानात शिरताना व रानातून निघताना दिसते. मधली गैरसोय कोणाला दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मार्गाची प्रतिकृती करणाऱ्याला या बाबतीत भाग्यवान म्हटले पाहिजे. डोंगराळ देशातील लोकांना जेथे खोटे बोगदे खणावे लागतात, तेथे त्याला खरे रानच हाताशी मिळते.

रुळांच्या रुंदीबाबत मात्र त्याचे भाग्य रुसते. परदेशातील कारखाने आपल्या देशाच्या मापाने, म्हणजे सुमारे १४३५ मिलिमीटर रुंदी धरून रूळ तयार करतात. भारतातील रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा आहे. ८७ ने भागल्यावर तो १९.३ मिलिमीटर व्हावयास हवा; बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. एकट्या मोठ्या गाडीला हा फरक फारसा जाचत नाही, पुष्कळ लोक तिकडे दुर्लक्ष करतात. परंतु नागभीडला दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहावयाच्या आहेत. लहान गाडीच्या ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले, तर ८.८ येतात, आणि ‘एन’ प्रमाणाचे नऊ मिलिमीटरचे रूळ त्यासाठी जवळजवळ तंतोतंत बसतात. म्हणजे लहान मार्ग विकत घेता येतो. मोठा मार्ग मात्र अरुंद पडतो. खरा मोठा मार्ग लहान मार्गाच्या २.२ पट रुंद होता. विकतचे रूळ शेजारी मांडले, तर हे गुणोत्तर १.८ वर येते. ज्याने ते स्थानक पाहिले आहे, त्याला काहीतरी चुकल्याची जाणीव होते, मग चूक कोठे आहे हे त्याला सांगता आले नाही तरी. प्रामाणिक कारागीर अशा वेळी मोठा मार्ग हातानेच घालतो. तो तांब्याचा मुलामा असलेल्या पातळ पट्ट्यांचे तुकडे कापतो, त्यांवर बारीक रूळ ठेवतो आणि अंतर मोजून डाग देतो. दोन रूळ एकमेकांना विजेने जोडले जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक पट्टीवरील मुलामा मध्यभागी खरवडून काढतो. एका मीटरभर मार्गासाठी अशा पुष्कळ पट्ट्या लागतात.

२२० ने भागून हेच स्थानक केले, तर जागा कितीतरी वाचते; सहाशे मीटरचा आवार पावणेतीन मीटरांत मावतो. ८७ ने भागल्यास त्याला सात मीटर लागतात. तथापि नागभीडसाठी ८७ हेच प्रमाण अधिक बरे. तेथे दाखवावयाची वस्तू लांबलचक आवार ही नसून मोठ्या गाडीच्या शेजारी उभी असलेली छोटी गाडी ही आहे. फलाटाचा एक तुकडा, पिवळ्या पाटीवरील काळी अक्षरे आणि मागे सागाची रांग एवढे असले तरी भागते.

अशी मांडणी लोकांना दाखविणे हे निराळेच काम आहे. महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण पुण्यात पाहावयास मिळते. भाऊसाहेब जोशी यांना चालत्या गाड्यांच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद होता. आरंभी त्यांची मांडणी सुटी करून प्रदर्शनासाठी नेता येईल अशी होती. परंतु ती उचलणे, जोडणे आणि पुन्हा सोडविणे यांत फार वेळ व श्रम जाऊ लागले. म्हणून त्यांनी एका जागी कायमचे लहानसे नगरच वसविले. कोथरूडमधील हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे ८७ ने भागलेल्या अनेक प्रकारच्या गाड्या रस्ते, घरे व दिवे असलेल्या नगरातून धावतात.

सुट्या मांडणीतील श्रम कशात असतात हे फळ्यांच्या सांध्यापाशी समजते. मांडणी दोन-तीन फळ्यांवर केलेली असते आणि त्या प्रवासानंतर पुन्हा जोडावयाच्या असतात. सांध्यात रूळ अर्धा मिलिमीटर सरकला, तर २२० च्या प्रमाणात ती अकरा सेंटिमीटरची चूक होते, आणि गाडी त्या ठिकाणी हटकून घसरते. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या खुंट्या व भोके बसवून फळ्या एकमेकींत अडकवितात. लाकूडही हवेप्रमाणे फुगते व आक्रसते. पावसाळ्यात जोडलेली मांडणी चंद्रपूरच्या मे महिन्यातील उन्हात तशीच राहील, असा भरवसा नसतो. रुळांच्या जोडांत थोडी फट ठेवावी लागते. खऱ्या मार्गावरील कामगारही पुष्कळ काळ हेच करीत आले.

मेजाची उंचीही विचार करून ठरवितात. वरून पाहिले तर छपरेच दिसतात आणि गाडी मुंग्यांच्या रांगेसारखी भासते. मांडणी डोळ्यांच्या पातळीवर आली, की पाहणारा आपोआप फलाटावर उभा राहतो. मात्र मोठ्यांचे डोळे व मुलांचे डोळे एका उंचीवर नसतात; त्यासाठी मेजापुढे लाकडी पायरी ठेवतात. गाडीचा वेगही आवरावा लागतो. ताशी ३० किलोमीटर हा वेग ८७ ने भागला, तर गाडीने एका सेकंदात साडेनऊ सेंटिमीटरच चालावयास हवे. पायरीवर चढलेल्या मुलाला तेवढा धीर नसतो; त्याला ती पळावी असे वाटते. परंतु चालविणारा कळ हळूच फिरवितो. झाडीमागून आधी दिवा दिसतो, मग इंजिनाचे नाक, मग एकामागून एक लहान डबे, आणि ती गाडी रुंद रुळांच्या शेजारी येऊन उभी राहते.