विश्लेषण : सर्वाधिक बळी घेतो तो मधलाच इशारा! स्की टूरिंगमध्ये हिमस्खलनाचा धोका ओळखणे अवघड का?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून थेट निघायचे, दोन रात्री डोंगरात काढायच्या आणि रविवारी उशिरा घरी परतायचे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे वेळापत्रक नवे नाही. आल्प्समध्ये हिवाळ्यात मित्रमंडळी अशीच निघतात. फरक इतकाच की पायांत स्की असतात आणि रोजचा मुक्काम वेगळ्या ‘हट’मध्ये, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यात असतो. या ‘हट-टू-हट स्की टूरिंग’मधला सर्वात मोठा धोका हिमस्खलनाचा. मात्र स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक मृत्यू इशारा सर्वोच्च पातळीवर असताना होत नाहीत. तो पाचपैकी तिसऱ्या पातळीवर असताना होतात. असे का?

स्की टूरिंग नेमके कसे करतात?

नेहमीच्या स्कीइंगमध्ये लिफ्टने वर जायचे आणि आखलेल्या, तपासलेल्या उतारावरून खाली यायचे. टूरिंगमध्ये चढायचेही स्वतःच. त्यासाठी स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. पट्टीचे केस एकाच दिशेला झुकलेले असल्याने स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. पूर्वी यासाठी सीलचे कातडे वापरत, आता मोहेर लोकर किंवा नायलॉन वापरतात. चढताना बुटाची टाच मोकळी असते. माथ्यावर पोहोचले की पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि उतरायचे.

निवाऱ्यांची व्यवस्था कशी असते?

स्विस आल्पाइन क्लबची स्थापना १८६३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी क्लबने पहिला निवारा उभारला. आज क्लबचे सुमारे दीडशे निवारे आहेत. एका खोलीत ओळीने गाद्या, रात्री गरम जेवण आणि पहाटे लवकर नाश्ता, अशी साधी सोय असते. अनेक ठिकाणी पाणी बर्फ वितळवूनच मिळते, त्यामुळे आंघोळ विसरायची. बऱ्याच निवाऱ्यांत व्यवस्थापक नसतानाही एक ‘हिवाळी खोली’ उघडी ठेवलेली असते. नोंदवहीत नावासोबत पुढचा मुक्काम लिहायचा असतो. कोणी बेपत्ता झाले तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्यावरून कळते.

हिमस्खलनाचा इशारा कोण देते?

दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था (एसएलएफ) हिवाळ्यात रोज संध्याकाळी ५ आणि सकाळी ८ वाजता इशारा जारी करते. धोक्याच्या पाच पातळ्या आहेत : कमी, मध्यम, लक्षणीय, मोठा आणि अतिमोठा. ‘लक्षणीय’ ही तिसरी पातळी हिवाळ्यातल्या साधारण ३० टक्के दिवसांत असते, पण हिमस्खलनातले सुमारे निम्मे मृत्यू याच पातळीवर होतात.

मधली पातळी इतकी घातक का?

चौथ्या-पाचव्या पातळीला बहुतेक जण बेत रद्द करतात. तिसऱ्या पातळीला अनेकदा आकाश निरभ्र असते, ताजा बर्फ पडलेला असतो आणि धोका डोळ्यांना दिसत नाही. तो बर्फाच्या थरांत दडलेला असतो. खाली भुसभुशीत, कमकुवत थर आणि त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला घट्ट थर, अशी रचना असेल तर एका माणसाचे वजनही पुरते. खालचा थर मोडतो, ही मोडतोड क्षणात दूरवर पसरते आणि वरचा थर लादीसारखा सरकतो. हे प्रामुख्याने ३० अंशांहून अधिक तीव्र उतारावर घडते. अशा अपघातांपैकी सुमारे ९० टक्के वेळा हिमस्खलन सापडलेल्या व्यक्तीमुळे किंवा तिच्याच गटातल्या कोणामुळे सुरू झालेले असते.

स्विस गिर्यारोहण मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी यावर सोपा नियम दिला. दुसऱ्या पातळीला ४०, तिसऱ्या पातळीला ३५ आणि चौथ्या पातळीला ३० अंशांपेक्षा कमी उतारावरच राहायचे. उताराचे अंश रंगांतून दाखवणारे नकाशे आता मोबाइलवरही मिळतात.

मग चूक कुठे होते?

बहुतेकदा निर्णयात. इयन मॅकॅमन यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास मांडला. ओळखीची जागा, ठरलेला बेत न मोडण्याचा हट्ट, गटातल्या ‘जाणकारा’वर सोडलेला निर्णय, दुसऱ्यांच्या स्कीच्या खुणा पाहून वाटलेला धीर, असे सापळे त्यांनी दाखवले. मित्रांच्या गटात आणखी एक भर पडते : ‘मला नको वाटतंय’ असे म्हणून सगळ्यांचा विरस करायला कोणी धजावत नाही.

त्यात पुढच्या निवाऱ्याचे बुकिंग झालेले असते. आधार देणारा निवाराच मग ‘आज तिथे पोहोचायलाच हवे’ असा दबाव बनतो. निवारा जवळ असणे म्हणजे सुरक्षित असणेही नव्हे. एप्रिल २०१८ च्या अखेरीस शामोनी ते झरमॅट या प्रसिद्ध ‘ओत रूट’वर, पीन्य दारोला शिखराजवळ १४ जण वादळात अडकले आणि त्यांना रात्र उघड्यावर काढावी लागली. त्यात सात जणांचा मृत्यू झाला. व्हिन्येत निवारा तिथून काही शे मीटरवर होता.

गाडले गेल्यास किती वेळ हाती असतो?

फार थोडा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील नोंदींच्या अभ्यासानुसार, पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढल्यास वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते. अर्ध्या तासापर्यंत ती सुमारे ३० टक्क्यांवर येते. इतक्या वेळात हेलिकॉप्टर क्वचितच पोहोचते. वाचवू शकतात ते सोबतचे मित्रच. म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच : ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधण्याची घडीची लांब सळई आणि फावडे. शिवाय ती वापरण्याचा सरावही हवा.

भारतातील स्थिती काय?

गुलमर्गमध्येही आखलेल्या उतारांबाहेर जाणारे स्कीपटू असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. आपल्याकडे ‘डीआरडीओ’ची चंडीगड येथील ‘डीजीआरई’ ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी प्रशिक्षित मार्गदर्शक घ्यावा. इशारा वाचून पर्यायी, कमी उताराचा मार्ग निघण्यापूर्वीच ठरवावा. आणि गटातल्या एकानेही ‘नको’ म्हटले तर सर्वांनी मागे फिरायचे, हा नियम आदल्या रात्री जेवतानाच पक्का करावा. उतारावर उभे राहिल्यावर तो ठरवणे कठीण जाते.